नोंद कोणाची?

मराठीतील एका ऑनलाइन ज्ञानकोशाचे अच्युतराव नावाचे वयोवृद्ध संपादक होते. नोंदी कशा लिहाव्यात हे त्यांच्याकडे शिकणाऱ्या शर्वरीपुढे एकदा मोठा पेच पडला.

आंबेखेड गावच्या एका तेलगिरणी मालकाने खाद्यतेलात यंत्रांचे तेल मिसळून विकले होते. सात माणसे दगावली, कित्येकांच्या पायांतली शक्ती कायमची गेली. त्याच्यावरचा सविस्तर लेख मंजुरीसाठी शर्वरीकडे आला. वर्तमानपत्रांचे आधार भरपूर होते, नियमांत काही उणे नव्हते. मात्र त्याच दिवशी आंबेखेडहून द्रौपदाबाईंचा फोन आला. लेख येतोय हे त्यांच्या कानावर गेले होते.

"माझा भाऊ त्या तेलानं गेला. त्याचं नाव कुठंच नाही, आणि या माणसाचा फोटो छापता?"

छापावे तर बाईंच्या जखमेवर मीठ, वगळावे तर सत्य दडवल्यासारखे. शर्वरीला दोन दिवस अन्न गोड लागेना. शेवटी तिने लेख अच्युतरावांपुढे ठेवला आणि बाईंच्या फोनचेही सांगितले.

त्यांनी तो वाचलाच नाही. हातात पेन्सिल देत म्हणाले, "त्याचं नाव येईल तिथं खोड, आणि उरेल ते मला वाचून दाखव."

सरांना गुन्हेगाराचे नाव लपवायचे आहे की काय, या शंकेने ती गोंधळली. तरी नाव खोडत वाचू लागली. घोड्यांचा शौक, परदेशी मोटारी, कोठडीतून दोनदा केलेले पलायन.

"तेलातली भेसळ उघडकीस कशी आली?"

"कुणीतरी बाटली आणून दिली, एवढंच आहे."

"कुणी?"

शर्वरीने पाने पुन्हा चाळली; नाव कुठेच नव्हते.

"त्या बाईंना विचार."

तिने तिथूनच फोन लावला. बाटली द्रौपदाबाईंच्या भावाचीच होती. तो वसतिगृहाचा आचारी. तेलाचा वास वेगळा आला म्हणून त्याने बाटलीभर तेल बाजूला काढले, आणि पाय लटपटत असतानाही ती सरकारी दवाखान्यात नेऊन दिली. त्यावरूनच तपासणी झाली, गिरणीला टाळे लागले.

अच्युतराव शांतपणे म्हणाले, "माणूस सज्जन की दुर्जन, यावर कोशातली जागा ठरत नसते. वाचकाच्या ज्ञानात काय भर पडते, ते पाहायचं. या गृहस्थाचं सगळं चरित्र वाचूनही आंबेखेडात काय घडलं ते कळत नाही. तेव्हा घटनेची नोंद कर. दवाखान्याचे कागद मिळव. त्यात गुन्हेगाराचं नाव आणि शिक्षा येईल, जेवढी गरज तेवढीच."

शर्वरीने कागद मागवले. दवाखान्याच्या अहवालात आचाऱ्याचा उल्लेख सापडला, आणि आठवड्याभरात 'आंबेखेड तेलभेसळ प्रकरण' ही नोंद तयार झाली. तिने ती द्रौपदाबाईंना फोनवर वाचून दाखवली. गिरणी मालकाचे नाव आले तेव्हा तिचा आवाज अडखळला.

"थांबू नका, वाचा," बाई म्हणाल्या. "घडलं ते घडलं. फक्त एक करा ताई. दवाखान्यानं भिक्या लिहिलंय. त्याचं नाव भिकाजी होतं."

शर्वरीने नाव दुरुस्त केले, आणि नोंद प्रसिद्ध केली.