पुसलेला चेहरा

"पण चेहरा तर आम्ही पुसतो, बाबा. मग अडचण कसली?"

उन्मेष दाभोळे हे तिसऱ्यांदा विचारत होता. पाठीवर चहूबाजूंनी टिपणारा कॅमेरा बांधून तो गावोगावच्या गल्ल्या पायी हिंडायचा. त्यानं टिपलेली गल्ली मग कुणालाही घरबसल्या मोबाईलवर फिरून पाहता यायची. पोरगा हुशार होता, आणि हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

त्या सकाळी त्यानं मठामागची गल्ली टिपली. मठाचे अमृतगिरीबाबा एवढंच म्हणाले होते, "ती तेवढी काढून टाक."

"यंत्र आपणहून चेहरा पुसट करतं," उन्मेष म्हणाला. "कुणी कुणाला ओळखूच शकत नाही."

मी शेजारी गवार निवडत बसलो होतो. मला वाटलं, आता याची हजेरी घेतली जाणार.

पण बाबांनी विचारलं, "तुझ्या यंत्रात मांडवं आहे का रे? माझं गाव."

घर सोडलेल्यानं परत घरी जायचं नाही, हा आमच्या मठाचा नियम. बाबा बेचाळीस वर्षांत मांडव्याला गेले नव्हते.

उन्मेषनं टॅब पुढं धरला. मारुतीचं देऊळ आलं, पार आला, मग लोहारआळी. बाबा बोटानं एकेक घर मागं सारत निघाले. असं पाहण्यानं नियम मोडला की नाही, हे मी विचारलं नाही. आपण बरं, आपली गवार बरी.

एका अंगणाशी बोट थांबलं.

एक म्हातारी अंगण झाडत होती. चेहऱ्याच्या जागी नुसता धुरकट डाग.

"चंद्रा…" बाबा म्हणाले. "माझी धाकटी बहीण."

त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. मी बाबांना असं कधी पाहिलं नव्हतं.

"आहे रे… कंबरेत वाकलीय, पण आहे." त्यांनी टॅबला हात जोडले, मग उन्मेषला. "फार उपकार झाले, बाळा. एवढं सुख मला कुणी दिलं नव्हतं."

उन्मेष खुलला. "हे तर काहीच नाही, बाबा! पुढं नुसता चष्मा लावायचा, की गल्ली डोळ्यांपुढं. रोजची ताजी. आंधळा माणूस चालला, तर पायरी कुठं आहे ते त्याला कानात सांगेल."

"आंधळ्याला पायरी सांगेल?"

"हो, बाबा."

"देव तुझ्या हातांना यश देवो."

उन्मेष हसला. आणि मग त्याचं त्यालाच काही खटकलं.

"पण बाबा… चेहरा तर पुसलेला आहे. तुम्ही ओळखलंत कसं?"

"पदराचं टोक दातांत धरून झाडते. लहानपणापासून. आई किती ओरडायची तिला."

उन्मेषनं पुन्हा त्या धुरकट डागाकडं पाहिलं.

"मी माया केली, म्हणून ओळखलं," बाबा म्हणाले. "पण ओळखायला मायाच लागते असं नाही."

मठामागच्या खोल्यांत घर सोडून आलेल्या बायका राहतात. त्यांतल्या एकीचं, सगुणाचं, नाव बाबांनी घेतलं.

"तिचा डावा हात कोपरात वाकडा आहे. पाहिलास?"

"सकाळी… दोरीवर कपडे वाळत घालत होत्या."

"तो हात नवऱ्यानंच मोडलाय. दोन वर्षं शोधतोय तो तिला."

उन्मेषचं तोंड उतरलं. त्यानं टॅब मांडीवर घेतला, ती गल्ली शोधली आणि पहिल्या पावलापासून शेवटच्यापर्यंत पुसून टाकली. दोनदा तपासून पाहिलं. मग बाबांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"वाचवलंत मला, बाबा. माझ्या हातून केवढं पाप झालं असतं."

बाबांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. त्या घडीला मला दोघांचंही भाग्य वाटलं. एकाला बहीण भेटली होती, दुसरा वेळीच थांबला होता.

पण मूळ स्वभाव असा लगेच थोडाच जातो? उठता उठता उन्मेष कुरकुरलाच, "सगळं गाव पुरं झालं होतं, बाबा. आता नकाशात इथं रिकामी जागा दिसणार."

"रिकामी?" बाबा हसले. "अरे, पाच बाया सुखानं राहतात तिथं."