व्हिपलसाहेबांचं ‘नामंजूर’

अमेरिकेतल्या एका आडगावाची, तिथं रेल्वे पोचायच्या आधीची ही गोष्ट. तिथले न्यायाधीश व्हिपलसाहेब कोर्टात बसून चाकूनं लाकूड तासायचे. राजकारणात त्यांच्या विरोधी पक्षाचा असलेला तरुण वकील एझ्रा काहीही मागो, साहेब मान वर न करता म्हणायचे, “नामंजूर!”

एकदा एका बड्या जमीनदारानं गावातल्या हॅनाबाईंच्या दुभत्या गायीवर हक्क सांगितला. हॅनाबाईंचा वकील म्हणून एझ्रानं साक्षीदार बोलवायची परवानगी मागितली. नामंजूर! पुढची तारीख मागितली. तीही नामंजूर! हॅनाबाई डोळे पुसायला लागल्या. तेव्हा एझ्रा अदबीनं म्हणाला, “न्यायाधीश महाराज, माझ्या अशिलाची गाय आजच जमीनदाराच्या ताब्यात द्यावी.”

“नामंजूर!”

“आभारी आहे. म्हणजे गाय आमचीच राहिली.”

कोर्टात खसखस पिकली. साहेबांचा चाकू जागीच थांबला.

“महाराज, हा निकाल ऐकून दिलात ना?” एझ्रानं विचारलं. “न ऐकता दिला असेल, तर आजवरचे सगळेच पुन्हा ऐकावे लागतील.”

“ऐकूनच दिलाय!” साहेब गरजले.

तिथं न्यायाधीशही लोकांच्या मतांवर निवडला जायचा. पुढं एझ्रा व्हिपलसाहेबांच्याच जागेसाठी निवडणुकीला उभा राहिला आणि दणक्यात निवडून आला. त्याचं आश्वासन एकच होतं: “‘नामंजूर’ मीही म्हणेन, पण आधी ऐकून घेईन.”