देवीच्या घागरीचा गळा

एका गावात सगळी घरं तांबटांची होती आणि त्या गावात एक नियम होता: हात जन्माला येतो, घडवता येत नाही. त्याच्या जोडीला आणखी एक नियम होता: पहिल्या नियमाला 'का?' विचारायचं नाही.

मूल आठ वर्षांचं झालं की त्याला देवीच्या पारावर नेत. ऐरणीवर तांब्याचा पत्रा ठेवत. मुलाने त्यावर दहा ठोके मारायचे. गावातले सर्वांत जुने कारागीर, नाना, डोळे मिटून ऐकायचे आणि सांगायचे, "हलका हात," नाहीतर "जड हात." हलक्या हाताला गूळखोबरं आणि हातोडी मिळे. जड हाताने जन्मभर भट्टीचा भाता ओढायचा आणि चिंच लावून दुसऱ्यांनी घडवलेली भांडी घासायची.

त्या गावात दोन बहिणी होत्या. थोरलीचा हात हलका ठरला. पुढच्या वर्षी धाकटीचा जड. धाकटी रडत घरी आली, तेव्हा आई म्हणाली, "रडतेस काय? एका घरात दोन-दोन हलके हात असतात का कुठे?"

थोरलीला वाट्या जमत, तांबे जमत. गाव वाहवा करी. पण घागरीचा गळा काही तिला जमेना. गळा आत वळवताना पत्रा ठोकून ठोकून कडक होतो. मग त्याला पुन्हा विस्तवात घालून मऊ करावं लागतं. गावात मात्र म्हणत, खरा हलका हात पत्रा एकदाच तापवतो. म्हणून थोरली दुसऱ्यांदा तापवत नसे. गळा फाटला की गुपचूप घागर मोडीत टाकी. कुणाला विचारायचीही सोय नव्हती. लोक म्हणाले असते, "हिला विचारावं लागतं?"

अशी दहा वर्षं गेली. मग जत्रेसाठी देवीची नवी घागर घडवायचं काम थोरलीकडे आलं. पहिली घागर गळ्याशी फाटली. दुसरीही फाटली. जत्रा चार दिवसांवर आली.

"ताई, तांबं रुसलंय. परत तापव त्याला," धाकटी भात्यावरून म्हणाली.

"तू भाता ओढ. मला शिकवू नकोस."

"बरं बाई. फाड तिसरी."

थोरलीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने रागाने हातोडी पुढे केली. "एवढं येतं तर तूच कर ना!"

टोमणा होता तो. पण धाकटीने हातोडी घेतली. तिने पत्रा पाच वेळा तापवला. विस्तवाचा रंग तिला चांगला कळत होता. दहा वर्षं ती तोच तर बघत आली होती. तिसऱ्या दिवशी गळा उभा राहिला. एक चीर नव्हती.

"हे कधी आलं तुला?" थोरलीने हळूच विचारलं.

"माणसं जेवून लवंडली की मी तुझ्या मोडीतल्या घागरी काढायचे, फाटका काठ कापून पुन्हा गळा वळवायचे. एरवी येईल-जाईल त्याला विचारायचे. जड हाताने विचारलं तर लोक हसतात, पण हसता हसता सांगून जातात. सतरा फाडल्या, ताई. अठरावी उभी राहिली."

थोरलीने ठरवलं, जत्रेत सगळं सांगून टाकायचं.

पण जत्रेत नानांनी घागर डोक्यावर धरली आणि ओरडले, "आठव्या वर्षी ओळखला होता मी हा हात!" टाळ्या पडल्या. कुणीतरी थोरलीच्या हातात साडीचोळी दिली. तिने ती घेतली. खाली, पाराच्या पायरीशी, धाकटी कोपरापर्यंत चिंच माखून भांडी घासत होती. तिने मान वर केली नाही. तिने रागाने पाहिलं असतं तरी थोरलीला बरं वाटलं असतं. थोरलीने साडीची घडी उगाचच नीट केली.

"माझे कान आता थकले," नाना म्हणाले. "आजपासून पोरांचे हात हिने ऐकायचे."

लगेच एका मुलीला पुढे ढकललं. तिचे पुढचे दोन दात पडले होते. तिने ठोके मारले. तिसरा ठोका घसरला, सहावा ऐरणीवरच बसला. घाबरून तिने थोरलीकडे पाहिलं.

"सांग पोरी, जडच ना?" एक म्हातारा म्हणाला. "भात्यावर माणूस हवंच आहे."

थोरलीने साडी खाली ठेवली.

"घागर मी घडवली नाही. माझ्या बहिणीने घडवली," ती म्हणाली. "मला गळा येत नाही. दहा वर्षांत आला नाही, कारण मी कधी कुणाला विचारलंच नाही. तिचं कौतुक चोरून आत्ता ही साडीही घेतली."

"लाज नाही वाटत चारचौघांत हे बोलायला?" नाना कडाडले.

"वाटते की. बोलायची नाही, इतका वेळ गप्प बसले त्याची वाटते. या पोरीचा हात मी ऐकणार नाही. आज नाही, कधीच नाही. तिला हातोडी द्या आणि फाडू द्या पत्रे."

"वाडवडिलांपासून चालत आलंय हे! तू कोण मोडणार?"

"मग नाना, देवीसमोर एवढंच सांगा. तुमचा पहिला गळा उभा राहिला, त्याआधी तुम्ही किती फाडले होते?"

नानांनी तोंड उघडलं. शेजारच्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. म्हातारा जमिनीकडे बघू लागला, त्याच्या पलीकडचाही. थोरलीने मुलीपुढे नवा पत्रा ठेवला.

तात्पर्य: 'तुला येणारच नाही' म्हटलं की मूल हात आखडतं आणि 'तुला येतंच' म्हटलं की विचारायला लाजतं. धाकटीसारखं एखादं सोडलं, तर शिकायचं दोघांचंही राहतं. लाज न येण्याची नाही, न विचारण्याची वाटावी. आणि त्याहून जास्त, लहानांवर असे शिक्के मारणाऱ्या मोठ्यांना वाटावी.