चिमटीचं रताळं आणि धगोबाचा धोंडा

या, बसा. मांडी घाला. गोष्ट बेटाची आहे. पाय भिजले तर भिजू देत!

एक होतं बेट. चहूकडे समुद्र. मधोमध डोंगर. डोंगराचं नाव धगोबा. त्याच्या पोटात विस्तव. त्याच्या नाकातून धूर. फुस्स... फुस्स!

बेटावरची वाळू काळी कुळकुळीत. आणि गरम! इतकी गरम, की तिथे कुणी चूल पेटवतच नाही. वाळूत खड्डा करायचा. रताळं पुरायचं. वर आपली खूण ठेवायची. कुणाची काडी, कुणाचं पीस, कुणाचं बाटलीचं झाकण. मग खेळून यायचं. उकरायचं. खायचं. ज्याची खूण, त्याचं रताळं. दुसऱ्याने हात लावायचा नाही. बेटाचा कायदाच तो!

त्या वाळूत राहायची चिमटी. चिमटी म्हणजे खेकडी. एवढीशी, तुमच्या अंगठ्याएवढी. पण तोरा? तो मात्र डोंगराएवढा!

आज चिमटीने आपलं आपण रताळं पुरलं. पहिल्यांदाच हं! ढकलत ढकलत आणलं. खड्डा खणला. वर लाल शिंपली ठेवली. भूक लागली होती, तरी शहाण्यासारखी वाट बघत बसली.

तेवढ्यात डोंगरावरून निघाला एक धोंडा.

गड गड गड गड... धप्प!

कुठे बसला? नेमका चिमटीच्या रताळ्यावर! धोंड्याखालून शिंपलीचं लाल टोक तेवढं दिसत होतं.

आई म्हणाली, "जाऊ दे गं चिमटे. दुसरं पुरू."

"का म्हणून जाऊ दे?" चिमटी म्हणाली. "माझं आहे ते!"

तिने नांग्या वर केल्या. कट् कट्! आणि धोंड्यासमोर जाऊन उभी राहिली.

"धोंडूशेठ, धोंडूशेठ!
माझं रताळं मला मिळेना!
उठा, सरका!"

धोंडा म्हणाला, "मी? मला ना हात, ना पाय. आधी ट्रॅक्टर ढकलू दे. मग मी!"

चिमटीने नांगी आपटली.

"माझं रताळं, माझी खूण!
जाईन तर घेऊन!"

आणि निघाली. तुरुतुरु, तिरकी तिरकी. तुरुतुरु, तिरकी तिरकी.

रस्त्याच्या कडेला उभा होता ट्रॅक्टर. ट्रॅक्टरवर झोपला होता कोंडूमामा. टोपी डोळ्यांवर. घुर्र... घुर्र!

"कोंडूमामा, कोंडूमामा!
धोंडा सरकेना,
माझं रताळं मला मिळेना!
उठा, ढकला!"

कोंडूमामाने एक डोळा उघडला. "अगं पोरी, ट्रॅक्टरच्या पोटात डिझेलचा थेंब नाही. डिझेल येतं बोटीतून. आधी बोट येऊ दे. मग मी!"

आणि डोळा मिटला. घुर्र!

"माझं रताळं, माझी खूण!
जाईन तर घेऊन!"

चिमटी निघाली. तुरुतुरु, तिरकी तिरकी.

समुद्रावर होतं धुकं. पांढरं पांढरं, दाट दाट. धुक्यात कुठेतरी बोट उभी होती. भोंऽऽऽ! चिमटी धक्क्याच्या पार टोकाला गेली. तिथून ओरडली,

"तांडेलतात्या, तांडेलतात्या!
धोंडा सरकेना,
ट्रॅक्टर ढकलेना,
माझं रताळं मला मिळेना!
या, बोट आणा!"

बोट चालवणारे तांडेलतात्या धुक्यातून ओरडले, "येऊ कसा गोऽऽ? काय दिसत नाय! खडकावर आपटली बोट, तर तू भरून देशील? आधी धक्क्यावरचा दिवा पेटू दे. मग मी!"

बोट पुन्हा म्हणाली, भोंऽऽऽ.

"माझं रताळं, माझी खूण!
जाईन तर घेऊन!"

दिवा जवळच होता. उंच खांबावर. चिमटी खांबावर चढली. घसरली. सुर्रर्र! पुन्हा चढली. पुन्हा घसरली. सुर्रर्र! तिसऱ्यांदा चढलीच.

"दिवेदादा, दिवेदादा!
धोंडा सरकेना,
ट्रॅक्टर ढकलेना,
बोट येईना,
माझं रताळं मला मिळेना!
जागे व्हा, पेटा!"

दिवा म्हणाला, "पेटू कशाने? तारेत वीजच नाही. आधी वीजघराचं चाक फिरू दे. मग मी!"

"माझं रताळं, माझी खूण!
जाईन तर घेऊन!"

चिमटी खांबावरून उतरली. तुरुतुरु, तिरकी तिरकी.

वीजघर होतं डोंगराच्या कुशीत. तिथे दगड तापलेले, लालेलाल. दगडांवर पाणी सोडलं की चर्रर्र! वाफ उठते. वाफेने चाक फिरतं. चाक फिरलं की वीज. पण आज चाक गप्प. रेवाक्का फडक्याने चाक पुसत बसली होती.

"रेवाक्का, रेवाक्का!
धोंडा सरकेना,
ट्रॅक्टर ढकलेना,
बोट येईना,
दिवा पेटेना,
माझं रताळं मला मिळेना!
ऊठ, चाक फिरव!"

रेवाक्का म्हणाली, "पाणी कुठंय बाई वाफेला? सकाळपासून नुसती पुसतेय. आधी टाकी वाहू दे. मग मी!"

दुसरी कुणी असती तर तिथेच रडली असती. चिमटी? छे! ती आणखी चिडली.

"माझं रताळं, माझी खूण!
जाईन तर घेऊन!"

तुरुतुरु, तिरकी तिरकी. आता चढ लागला. दम लागला. पोटात कावळे ओरडू लागले. तरी चिमटी थांबली नाही.

या बेटावर नदी नाही बरं का. पाऊस पडला की काळे दगड गटागटा पाणी पिऊन टाकतात. म्हणून घराघराच्या छपराला पन्हळ. पन्हळीतलं पाणी जातं नळात. नळातलं पाणी जातं टाकीत. मोठ्ठी, गोल, सिमेंटची टाकी!

"टाकीबाई, टाकीबाई!
धोंडा सरकेना,
ट्रॅक्टर ढकलेना,
बोट येईना,
दिवा पेटेना,
चाक फिरेना,
माझं रताळं मला मिळेना!
चला, वाहा!"

टाकी म्हणाली, "काय वाहू? डोंबल? माझ्या तळाशी एक बेडूक आहे, तोही तहानलाय. आधी ढग बरसू दे. मग मी!"

तळातून बेडूक म्हणाला, "डरांव. खरंय."

"माझं रताळं, माझी खूण!
जाईन तर घेऊन!"

आता कुठे जायचं? वर! अगदी वर! चिमटी डोंगर चढू लागली. तुरुतुरु, तिरकी तिरकी. दगडावरून दगडावर. धुरातून धुरात. फुस्स... फुस्स! वर पोचली तेव्हा तिचे आठही पाय दुखत होते. आणि तिथे ढग लोळत होता. पांढरा, गुबगुबीत, आळशी.

"ढगभाऊ, ढगभाऊ!
धोंडा सरकेना,
ट्रॅक्टर ढकलेना,
बोट येईना,
दिवा पेटेना,
चाक फिरेना,
टाकी वाहेना,
माझं रताळं मला मिळेना!
ऊठ, बरस!"

ढगाने कूस बदलली. "आपोआप कसा बरसू? धगोबा मला डोक्याने ढुशी देतो. ढुशी बसली की मी बरसतो. आधी धगोबा हलू दे. मग मी!"

चिमटीने इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. "कुठाय तो धगोबा?"

खालून आवाज आला, "माझ्याच नाकावर उभी आहेस!"

चिमटीने खाली पाहिलं. खरंच की! ती उभी होती धगोबाच्या नाकाच्या शेंड्यावर. मग तिथूनच ओरडली,

"धगोबा आजोबा, धगोबा आजोबा!
धोंडा सरकेना,
ट्रॅक्टर ढकलेना,
बोट येईना,
दिवा पेटेना,
चाक फिरेना,
टाकी वाहेना,
ढग बरसेना,
माझं रताळं मला मिळेना!
उठा, हला!"

धगोबा म्हणाला, "नाही हलणार. मी रुसलोय. माझ्या डोक्यावरचा धोंडा घरंगळला. खाली वाळूत जाऊन बसला. शोभतं का ते? आधी धोंडा सरकू दे. मग मी!"

काय?

चिमटी नांग्यांवर मोजू लागली. डोंगर म्हणतो आधी धोंडा. धोंडा म्हणतो आधी ट्रॅक्टर. ट्रॅक्टर म्हणतो आधी बोट. बोट म्हणते आधी दिवा. दिवा म्हणतो आधी चाक. चाक म्हणतं आधी टाकी. टाकी म्हणते आधी ढग. ढग म्हणतो आधी डोंगर. आणि डोंगर म्हणतो आधी धोंडा!

फिरून फिरून भोपळे चौक! सगळे एकमेकांची वाट बघतायत. आणि खाली रताळं एकटं!

आता मात्र चिमटी तापली. शेंडीपासून... नाही नाही, खेकड्याला शेंडी कुठली? नांगीपासून पायापर्यंत लाल झाली.

"आधी तो, मग मी! आधी ती, मग मी!" ती ओरडली. "मग करणार कोण? ठीक आहे. आधी मी!"

आणि तिने धगोबाच्या नाकाला काढला चिमटा.

कट्ट!!

"आई गंऽऽऽ!" धगोबा एवढ्या जोराने ओरडला की समुद्रातले मासे टुणकन उडाले. "एवढीशी तू! आणि मला चिमटा?"

"एवढीशी तर एवढीशी!" चिमटी म्हणाली. "रुसून बसलात तर पुन्हा काढीन. काढू? काढू?"

"नको नको नको!" धगोबा घाईघाईने म्हणाला. आणि त्याने डोकं हलवलं.

मग काय विचारता!

डोंगर हलला. ढगाला बसली ढुशी. ढुम्म!
ढग बरसला. धो धो, धो धो!
टाकी वाहिली. खळ खळ, खळ खळ! बेडूक म्हणाला, डरांव डरांव!
चाक फिरलं. चर्रर्र, गर गर गर!
दिवा पेटला. लख्ख!
बोट आली. भोंऽऽऽ! तांडेलतात्यांनी डिझेलची पिंपं उतरवली. ढम, ढम, ढम!
ट्रॅक्टर जागा झाला. धुड धुड धुड धुड! कोंडूमामाची टोपीच उडाली.
ट्रॅक्टरने ढकललं. हुश्श... हुश्श... हुप्प!
धोंडा सरकला. गड गड गड... डुबुक! समुद्रात.

आणि चिमटी? चिमटी पावसाच्या पाण्याबरोबर डोंगरावरून घसरत आली. सुर्रर्रर्र! थेट आपल्या लाल शिंपलीपाशी.

तिने वाळू उकरली. खर खर, खर खर.

रताळं होतं! चेपलं होतं थोडं. पण इतका वेळ गरम वाळूत राहून असं भाजलं होतं, असं भाजलं होतं, की साल आपोआप सुटत होतं. आत पिवळं धमक, लोण्यासारखं मऊ. वास सुटला बेटभर.

कोंडूमामा ट्रॅक्टरवरून उतरला. तांडेलतात्या बोटीतून उतरले. रेवाक्का फडकं टाकून पळत आली. दिवा खांबावरून वाकला. टाकी बघू लागली. ढग खाली आला. धगोबाने तर लाल झालेलं नाकच पुढे केलं.

"आधी मला!"
"आधी मला!"
"नाही, आधी मला!"

बघा हं! मघाशी हेच सगळे म्हणत होते, आधी तो, आधी ती. आता बघा!

चिमटी रताळ्यावर चढून उभी राहिली. दोन्ही नांग्या वर. कट् कट्!

"गप्प!" ती म्हणाली.

सगळे गप्प. डोंगरसुद्धा.

"माझं रताळं, माझी खूण! आधी मी!"

आणि तिने घेतला एक मोठ्ठा घास. हाम्म! मग दुसरा. हाम्म! मग तिसरा. कुणी काही बोललं नाही. बोलणार कोण? नाक सगळ्यांनाच आहे!

पोट भरलं, तेव्हा चिमटीने आईला हाक मारली. आईला दिला गरम गरम घास. आई म्हणाली, "बरं झालं गं चिमटे, तू जाऊ दिलं नाहीस."

"मग!" चिमटी म्हणाली.

उरलेलं सगळ्यांना वाटलं. धगोबाला मिळालं साल. त्याने तेही मिटक्या मारत खाल्लं.

रताळं संपलं. वाळू थंड नाही झाली. तुम्हाला हवं तर तुमचं पुरा. पण खूण ठेवा. आणि वर कुणी बसलं, तर उठवा!