नाकसाक्षीची पट्टी

त्या राज्यात प्राणी एकमेकांना आधी हुंगत आणि मग नमस्कार करत. सातबोटी नावाच्या झुडपावर बंदी आल्यापासून ही रीत पडली होती. पूर्वी त्याच्या सालीचे दोर वळत, कापड विणत, बियांची चटणी वाटत आणि पाल्याचा लेप दुखऱ्या सांध्यांवर लावत. मग कुणा एका माकडाने पाला पोटभर खाल्ला आणि ते राजाच्या मिरवणुकीत खो-खो हसत सुटलं. मिरवणुकीत हसण्यासारखं काय होतं, याची चौकशी झाली नाही. झुडूप मात्र मुळासकट उपटलं गेलं. लेपाऐवजी आलेल्या कडू काढ्याचा मक्ता बगळा प्रधानांच्या मेव्हण्यालाच कसा मिळाला, हेही कुणी विचारलं नाही.

हुंग्या मुंगूस हा दरबाराचा नाकसाक्षी. ओळखीपाळखीने न्याय बिघडू नये म्हणून त्याने डोळ्यांवर पट्टी बांधून आरोपीला हुंगायचं आणि सातबोटीचा वास आला तर तिथेच बसकण मारायची, असा रिवाज होता. तो बसला की आरोपी हद्दपार. आजवर तो प्रत्येकापुढे बसला होता. सारं राज्यच चोरटं आहे अशी त्याची खात्री पटली होती. जेवताना तो बायकोच्या ताटाकडेही तिरक्या नजरेने पाही.

एके दिवशी म्हाताऱ्या ठमाई सशीला धरून आणलं. पोरक्या हुंग्याला तिनेच लहानाचं मोठं केलं होतं. तिच्या घरात हिरव्या लेपाची वाटी सापडली होती.

"लेप माझाच," ठमाई म्हणाली. "गुडघे धरतात. काय करू?"

पण कबुली दरबारात चालत नसे, नाकच लागे. हद्दीपलीकडे उजाड माळ होता. या वयात तिथे जाणं म्हणजे मरणच.

हुंग्याने पट्टी बांधली. वास लगेच आला. गुडघे वाकू लागले, पण जीव तयार होईना. वेळ काढायला त्याने खांब हुंगला. तोच वास. दारावरच्या पहारेकऱ्याला हुंगलं, स्वतःचा पंजा हुंगला. सगळीकडे तोच वास! त्याने पट्टी ओढून काढली, नाकाशी धरली आणि तो ठमाईकडे वळला.

"मावशी, हे कापड कसलं गं?"

"सातबोटीचंच की. थोरल्या राजांच्या वेळी मीच विणलेलं. अजून विरलं नाही बघ."

आजवर हद्दपार झालेल्यांचे चेहरेही हुंग्याने पाहिले नव्हते. त्याला स्वतःची शिसारी आली.

बगळा प्रधान खाकरले. "पट्टीचं राहू द्या. वाटी तर समोर आहे ना? हुंगा आणि बसा."

हुंग्या उघड्या डोळ्यांनी हुंगू लागला. वाटीला वास होताच, पण त्याहून दाट वास पलीकडून येत होता. नाक नेईल तसा तो चालत गेला, सिंहासनासमोर थांबला आणि रिवाजाप्रमाणे त्याने बसकण मारली. अस्वलराजाचा सुजलेला पाय घोंगडीखालून डोकावत होता. पायावरचा हिरवा लेप वाळून भेगाळला होता. दरबाराने तो पाहिला, आणि कुणी कुणाकडे बघेना.

"उघड्या डोळ्यांची साक्ष धरली जाणार नाही!" प्रधान ओरडले. "पट्ट्या आणा! सगळ्यांना बांधा!"

कोठारातला जुना तागा आला. टराटरा फाडून प्रत्येकाने आपापले डोळे बांधून घेतले. राजानेही बांधले. दरबारभर तो ओळखीचा वास पसरला, आणि आता कोण कुणापुढे बसणार, हे कुणालाच कळेना.

हुंग्याने आपली पट्टी जमिनीवर टाकली आणि ठमाईच्या पायांतला दोर दातांनी तोडला. तिने वाटी उचलली आणि लंगडत ती दाराकडे निघाली. वाट सिंहासनाजवळूनच जात होती. तिची पावलं जवळ वाजली तशी राजाने डोळ्यांवरची पट्टी चाचपून घट्ट केली, घोंगडी सारली आणि आपला सुजलेला पाय हळूच तिच्यापुढे केला.