न मारलेली थाप

"वस्ताद, पाचवी लेव्हल मला का नाही?"

बाकीची पोरं निघून गेल्यावर धैर्यशीलनं विचारलंच.

मिरजेच्या त्या जुन्या तालमीत आता मातीवर मॅट आली होती. कुस्तीच्या जोडीला ठोसे, लाथा, गळ्याच्या पकडी, सगळंच शिकवलं जाई. मुबारक वस्ताद पोरांना पाच लेव्हलमध्ये बसवत. पाचवीवरचा दुसऱ्यांना शिकवू शके. धैर्यशील चौथीवरच अडकला होता.

"इचलकरंजीची लढत जिंकून आलो मी."

"तो पोरगा कसा आहे?"

धैर्यशीलनं नजर वळवली. त्याच्या गळ्याच्या पकडीत बेशुद्ध पडलेला तो पोरगा अजून कुणाला ओळखत नव्हता. आई चमच्यानं पाणी पाजते म्हणे...

"मी नियमानंच लढलो, वस्ताद. हार मानायची तर हातानं थाप मारायची, हे त्यालाही ठाऊक होतं. नाही मारली. पंचानंही सोडवलं नाही. मला कसं कळणार?"

वस्ताद मग गुडघे धरत मॅटवर बसले, त्याच्याकडे पाठ करून.

"तीच पकड घाल."

"तुमचं वय काय, वस्ताद..."

"घाल म्हटलं ना."

त्यानं हलकेच हात घातला.

"त्याला असंच धरलं होतंस?"

धैर्यशीलच्या कपाळाची शीर उठली. त्यानं पकड आवळली.

म्हाताऱ्याच्या गळ्याची सैल कातडी त्याच्या दंडाखाली सरकली. आता मारतील थाप... आता मारतील. पण वस्तादांचे हात मांडीवर तसेच पडून होते. घशातून घरघर आली. ती बारीक होत गेली. मग मान एकदम जड झाली...

त्यानं हात सोडला. कलंडणारं ते हलकं शरीर छातीशी धरलं. "वस्ताद! वस्ताद!"

काही क्षणांनी वस्तादांना खोकला आला. डोळे उघडले.

धैर्यशील ओरडला, "थाप का नाही मारलीत? जीव गेला असता तुमचा!"

वस्तादांनी गळा चोळला.

"मी थाप मारली नाही," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "मग सोडलंस कसं?"