पडद्याआडची माया

पक्षी माणसांशी बोलत, तेव्हाची गोष्ट. प्राणिसंग्रहालयात काम शिकायला आलेल्या ऋजुताकडे गिधाडाचं पोरकं पिल्लू सोपवलं होतं. पडद्याआडून, गिधाडाच्या तोंडासारखा हातमोजा घालूनच त्याला भरवायचं, असा नियम. पण पोरगी मायाळू हो, मोजा काढून समोरच बसायची.

शेजारच्या पिंजऱ्यातलं पंख तुटलेलं म्हातारं गिधाड म्हणालं, "बाई गं, मलाही असंच वाढवलं. सोडल्यावर माणूस दिसला की मी जवळ जायचो. एकाने दगड घातला."

"पण त्याला मी आवडते, आजोबा!"

"म्हणूनच सांगतोय."

ऋजुता पडद्याआड गेली. पिल्लू हाका मारायचं, ती ओठ मिटून भरवायची.

मोठं झाल्यावर त्याला डोंगरावर सोडलं. ऋजुता समोर येताच ते घाबरून दूर उडालं.

"मला भ्यालं, आजोबा," परतल्यावर ती रडत म्हणाली.

"मग जगेल गं ते."